सिस्टरला विचारा : प्लास्टर निघाल्यानंतरचं दुखणं

मागच्या अंकात मी एक वाक्य लिहून गेले होते की माणूस कितीही मोडलं तरी देवाच्या हातात ते परत उभं राहतं, हा आम्हा ख्रिस्ती लोकांचा भरवसा आहे. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काही व्हॉट्सअ‍ॅपवर आली, काही वहीच्या पानावर, एक तर लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेलं होतं. बरीच रागाची होती आणि राग बरोबर होता, कारण एका वाक्यात लिहून मोकळं व्हावं असा हा विषयच नाही. पाच पत्रं निवडली आहेत, नावं काढलीत, वस्त्या आणि बारीकसारीक गोष्टी बदलल्यात. जे पहिल्यांदा वाचत असतील त्यांच्यासाठी सांगते, मी पाळक म्हणजे चर्चचा पास्टर नाही, सायकॉलॉजिस्ट पण नाही, नर्स होते, त्यातली 31 वर्षं हाडांच्या वॉर्डात गेली. आता रिटायर होऊन नागपुरात सदरला राहते. त्यामुळे माझी उत्तरं फिरून फिरून प्लास्टरवर येतात, ते सांभाळून घ्या.

सिस्टर, सलाम. मी 43 वर्षांची, शाळेत शिकवते. दोन वर्षांआधी आई गेली आणि त्यानंतर मला काहीच करावंसं वाटेना, सकाळी उठून नुसती पलंगावर बसून राहायची. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं, गोळ्या सुरू झाल्या, झोप यायला लागली, बरं वाटून राहिलं होतं. मग उन्हाळ्यात एका चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करायच्या सभेला गेली. तिथे सभा घेणाऱ्यांनी सगळ्यांसमोर डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाले तू बरी झाली, आता गोळी घेशील तर तुझा विश्वास नाही. मी त्याच रात्रीपासून गोळ्या बंद केल्या. आठ दिवसांत चक्कर, डोक्यात करंट मारल्यासारखं, सारखं रडू. आता तर वाटते की मरून जावं. त्यांना फोन केला तर म्हणे मनात शंका ठेवली असेल. माझा विश्वास खरंच कमी आहे का? देव मला काऊन बरं नाही करून राहिला?

ताई, तुमचं पत्र आलं तेव्हा मी संपादकांकडून तुमचा नंबर मागून आधी फोन केला, ते तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही परत डॉक्टरांकडे जाऊन आलात हे पण मला कळलं. इथे लिहिते ते तुमच्यासारख्या दुसऱ्या कोणासाठी, कारण अशा अजून आहेत, मला पक्कं माहीत आहे.

मरून जावंसं वाटत असेल तर आधी कोणालातरी सांगा, आत्ता, हे पान खाली ठेवून. 14416 हा टेली-मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाईनचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत, रात्री दोनला लावला तरी उचलतात, मराठीत बोलता येतं. नागपुरात मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचाराची ओपीडी आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. आणि डिप्रेशनच्या गोळ्या एका रात्रीत कधीच बंद करायच्या नसतात. ते करंट मारल्यासारखं वाटणं, चक्कर येणं, हे गोळी अचानक तोडल्यानं होतं, नर्सिंगच्या पोरींना आम्ही हे शिकवायचो. त्यात शंका, पाप, सैतान असलं काही नाही. कमी करायच्या असतील तर डॉक्टर हळूहळू कमी करून देतात.

आता विश्वासाचं. ताई, मला तुमचं पत्र वाचून खूप राग आला, तुमच्यावर नाही. बायबल हातात घेऊन असं सांगणाऱ्यानं ते पूर्ण वाचायला नको का? प्रेषित पौलाच्या शरीरात काटा होता, काय दुखणं होतं ते त्यानं सांगितलं नाही, पण तो निघावा म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली आणि काटा निघाला नाही. देव म्हणाला माझी कृपा तुला पुरे. पौलाचा विश्वास कमी होता का? त्याच पौलानं त्रफिम या सोबत्याला मिलेत गावात आजारी सोडून पुढचा प्रवास केला, तसं तो तीमथ्य या आपल्या शिष्याला लिहितो, चार शब्दांत, कोणावर ठपका न ठेवता. तीमथ्याच्या पोटासाठी त्यानं थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला, म्हणजे त्या काळचं औषधच. लूक तर वैद्यच होता, आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. हिज्कीया राजा मरायला टेकला होता, त्यानं भिंतीकडे तोंड करून रडून प्रार्थना केली, देवानं ऐकलं, पंधरा वर्षं वाढवून दिली, आणि तरीसुद्धा यशया संदेष्टा म्हणाला अंजिरांची चांदकी आणून गळवावर बांधा. प्रार्थना पण झाली, लेप पण लागला. मला यात कधी भांडण दिसलं नाही. वॉर्डात मी इंजेक्शन भरता भरता प्रार्थना केलेली आहे, हजार वेळा.

आणि एलीया. तुम्ही शिक्षिका आहात, बायबलमधला 1 राजेचा 19 वा अध्याय परत एकदा काढून वाचा, घाई न करता. एवढा मोठा संदेष्टा, आदल्याच अध्यायात आकाशातून अग्नी पाडलेला, तो झुडपाखाली बसून म्हणतो आता पुरे, माझा जीव घे. देव त्याला रागावत नाही, विश्वास वाढव म्हणत नाही. दूत येतो, हात लावतो, उठ खा म्हणतो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो आणि परत झोपतो! परत दूत येतो, परत तेच, उठ खा, वाट तुला झेपणार नाही. आधी झोप, जेवण, पाणी, परत झोप, आणि बोलणं त्याच्या नंतर. तुमची रात्रीची गोळी ही तुमची भाकर आहे असं समजा, मी तरी तसंच समजते.

एक माझं सांगते. माझे मिस्टर किडनीच्या आजारात गेले, डायलिसिसवर तीन वर्षं होते. चर्चच्या मंडळीनं उपास धरले, मी धरले, माझ्या मुलानं सातवीत असताना धरले. ते गेले. आठ दिवस पण झाले नव्हते, एकजण घरी येऊन म्हणाले की सिस्टर, घरात काही कबूल न केलेलं पाप असेल तर बघा. मी चहा टाकत होते, चहा उतू गेला, मी नुसती बघत राहिले. पुढे कितीतरी महिने देवळात, म्हणजे चर्चमध्ये बसायची पण गाणं तोंडातून निघायचं नाही. मग एके दिवशी योहानाच्या शुभवर्तमानाचा 9 वा अध्याय वाचताना थांबले. जन्मापासून आंधळा माणूस समोर बसलाय आणि शिष्य त्याच्या डोक्यावरून येशूला विचारतात, कोणाचं पाप, याचं की आईबापाचं? येशू म्हणतो याचंही नाही, आईबापाचंही नाही. मी त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसले. माझ्या घरी येऊन बोलून गेलेल्या माणसाला प्रभूनं दोन हजार वर्षांआधीच उत्तर देऊन ठेवलं होतं, मला कळायला आठ महिने लागले.

देव बरं का करत नाही, हे मला नाही सांगता येत ताई, कोणी सांगितलं तर त्याच्यापासून जपून राहा. पण बेथसैदाच्या आंधळ्याची गोष्ट माझ्या कामी येते. येशूनं डोळ्यांना हात लावला आणि विचारलं, काही दिसतं का? तो खरं बोलला, माणसं दिसतात पण चालणाऱ्या झाडांसारखी. म्हणजे अर्धवट. येशूनं त्याला ढोंगी म्हटलं नाही, परत हात ठेवले. त्या माणसानं सभेतल्यासारखं "हालेलूया, सगळं दिसतं" म्हटलं असतं तर जन्मभर झाडंच बघत बसला असता. तुम्ही पण देवाला खरं सांगा, अर्धंच दिसतं, काहीच दिसत नाही, जे असेल ते. स्तोत्र 88 तर अंधार या शब्दावरच संपतं, आणि तेही पवित्र शास्त्रातच आहे, कोणी काढून टाकलेलं नाही.

सिस्टर, मी कळमन्याला अडतीवर काम करतो, वय 39. बारा वर्षं दारू प्यायलो. नऊ महिने झाले एक थेंब नाही. प्रभूनं सोडवलं, मी देवळात उभं राहून साक्ष पण दिली, सगळ्यांसमोर सांगितलं. पण घरी अजून तसंच. बायको रोज खिसे बघते. पोरगी नववीत आहे, मी घरी आलो की आतल्या खोलीत जाते आणि कडी लावते. देवानं माफ केलं, मंडळीनं टाळ्या वाजवल्या, फक्त घरच्यांना माफ करता येत नाही. बायबलमध्ये योएलाच्या पुस्तकात वचन आहे ना की टोळांनी खाल्लेली वर्षं भरून देईन, मग माझी वर्षं कधी भरून देणार? कधी कधी राग येतो, वाटते कशासाठी सोडली.

भाऊ, नऊ महिने. आधी तेवढं म्हणू द्या. नागपूरचा एक अख्खा उन्हाळा, दोन लग्नसराया आणि पोळा-दिवाळी धरून नऊ महिने, हे किती अवघड असतं हे ज्याच्या घरात दारू होती त्यालाच माहीत.

आता मी हाडांच्या वॉर्डातली गोष्ट सांगते. मांडीचं हाड मोडलेला पेशंट तीन-चार महिने पडून असायचा. त्याच्या मनात एकच दिवस, प्लास्टर निघायचा. घरचे पेढे घेऊन यायचे. मग कटरनं प्लास्टर कापलं की आतून काय निघायचं? पाय अर्धा झालेला, काडीसारखा, कातडीचे पापुद्रे निघून राहिलेले, वास, आणि गुडघा वाकतच नाही. पेशंट घाबरून आमच्याकडे बघायचा, सिस्टर हे काय, जुळलं म्हणता ना? जुळलं होतं, एक्सरेत स्पष्ट दिसायचं. पण चालणं अजून यायचं होतं. खरं रडणं तिथून सुरू व्हायचं, फिजिओथेरपीत. रोज थोडा वाकवायचा, रोज दुखायचं, आणि घाई करून जोर लावला तर परत मोडायची भीती.

तुमचं प्लास्टर नऊ महिन्यांआधी निघालं. आता तुमच्या घराचा गुडघा आखडलेला आहे, आणि तो तुमच्यामुळे आखडला आहे, हे मी मुद्दाम लिहिते, राग आला तरी चालेल. पोरगी कडी लावते ती तुमचा अपमान करायला नाही लावत. बारा वर्षांत तिच्या हातांना ती सवय लागली, तिच्या डोक्याला माहीत असेल बाबा पीत नाही, हातांना अजून माहीत नाही. ती नववीत आहे म्हणजे कळायला लागल्यापासून तिनं नऊच महिने शुद्धीतला बाप पाहिलाय. देवाची क्षमा तुम्हाला एका क्षणात मिळाली कारण देवाला कडी लावून झोपावं लागलं नव्हतं.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचं बघा. त्यानं येशूला तीनदा नाकारलं, कुठे? अंगणात, कोळशांच्या विस्तवाजवळ, शेकत उभा असताना. योहानानं तो विस्तव नीट लिहून ठेवलाय. मग पुनरुत्थानानंतर तळ्याकाठी येशू भेटतो तेव्हा परत कोळशांचा विस्तव पेटलेला, त्यावर मासे, आणि येशू स्वतः म्हणतो या, न्याहारी करा. पेत्राला तो वास आला असेल तेव्हा काय झालं असेल त्याच्या पोटात? आणि मग विचारणं तीनदा, माझ्यावर प्रीती करतोस का? जेवढ्या वेळा नाकारलं तेवढ्या वेळा. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं असं स्पष्ट लिहिलंय. येशूला माहीत नव्हतं का याचं उत्तर? होतं. पण ज्या जागी मोडलं होतं त्याच जागी हात लावल्याशिवाय ते बसत नाही. तुमची बायको खिसे बघते ना, तो तुमचा कोळशांचा विस्तव आहे भाऊ. बघू द्या. ती विचारायच्या आधी खिसे उलटे करून दाखवा. अडतीवरचे आठवड्याचे पैसे तिच्या हातात मोजून द्या, त्यातून तिनं तुम्हाला चहापाण्याला द्यावे. येशू स्वतःहून जक्कय या जकातदाराच्या घरी उतरला तेव्हा जक्कयानं नुसती साक्ष दिली नाही, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो म्हणाला.

टोळांचं वचन माझं पण आवडतं आहे. पण शेतावरच्या माणसाला विचारा, टोळ खाऊन गेले की परत पीक कसं येतं? परत नांगरायचं, परत पेरायचं, पावसाची वाट बघायची, आणि मधले महिने शेत उघडंबोडकंच दिसतं. देव भरून देतो, मी याच्यावर जीव टाकून विश्वास ठेवते, पण गेलेली वर्षं मागे जाऊन भरत नाही. तुमच्या पोरीचं पहिलीतलं स्नेहसंमेलन तुम्हाला परत नाही मिळणार. दहावीचा निकाल मिळेल, तिथे शुद्धीत असा.

आणि एकट्यानं नका ओढू. साक्ष दिली की लोक समजतात याचं झालं, मग कोणी विचारत नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मिटींगा नागपुरात मराठीत होतात, फी नसते, नाव सांगावं लागत नाही. हे काम 1935 मध्ये अमेरिकेत दोन दारुड्या माणसांनी एकमेकांना सांभाळत सुरू केलं, त्यातला एक डॉक्टर होता. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन म्हणून वेगळा गट असतो, बायकोला सांगून ठेवा, जायचं की नाही ते तिचं तिला ठरवू द्या. "कशासाठी सोडली" असं ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी घरी जायच्या आधी मिटींगला जा.

मी 29 वर्षांची आहे, एक मुलगा आहे चार वर्षांचा. नवरा मारतो. आता माहेरी आहे. मंडळीतले वडील लोक येऊन बसले, म्हणाले ख्रिस्ती बाईनं साताच्या सत्तर वेळा क्षमा करायची असते, प्रभू मोडलेली घरं जोडतो, तू नांदायला जा. मी त्याला मनातून माफ करायला तयार आहे सिस्टर, पण मला परत जायची भीती वाटते. मी चुकून राहिली का?

नाही. बाई, तू चुकत नाहीस.

क्षमा करणं म्हणजे त्याचा हिशेब तू देवाच्या हातात दिलास, तुझ्या मनात कुजू दिला नाहीस. ते तू माहेरी बसूनही करू शकतेस. परत जाऊन मार खाणं हा त्याचा दुसरा भाग आहे असं कुठेही लिहिलेलं नाही. साताच्या सत्तर वेळा हे येशूनं पेत्राला सांगितलं, पण त्याच अध्यायात, थोडं आधी, हेही आहे की भावानं अपराध केला तर त्याला एकट्याला सांग, नाही ऐकलं तर दोघांना घेऊन जा, तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. म्हणजे त्या वडील लोकांनी खरं तर तुझ्या नवऱ्याच्या घरी जाऊन बसायला पाहिजे होतं. अजूनही जाऊ शकतात. ते हे वाचत असतील तर माझी हात जोडून विनंती आहे, आधी तिकडे जा.

हाड वाकडं असताना वरून प्लास्टर घातलं तर ते वाकडंच जुळतं, मग परत मोडावं लागतं. मी अशी माणसं बघितलीत, कोणीतरी गावात पट्टी बांधून दिलेली, तीन महिन्यांनी लंगडत आमच्याकडे. देव घरं जोडतो हे खरं आहे, पण सरळ करून जोडतो. तो मारणं थांबवेल, त्यासाठी मदत घेईल, आणि नुसत्या शब्दावर न राहता बराच काळ तसं राहून दाखवेल, तेव्हा पुढचं बोलता येईल, आणि तेव्हासुद्धा जायचं की नाही हे तू ठरवशील.

181 हा महिलांसाठीचा हेल्पलाईन नंबर आहे. घरगुती हिंसेपासून संरक्षणाचा कायदा 2005 चा आहे, त्यात संरक्षणाचा आदेश मिळतो, राहायच्या घराचा आणि खर्चाचा हक्क मागता येतो, मुलाच्या ताब्याचं पण बघतात. ख्रिस्ती बाईनं कोर्टात जाऊ नये असं कोणी म्हणालं तर सांग की पौलानं स्वतःवर अन्याय होताना कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे न्याय मागितला होता.

पंडिता रमाबाईंचं नाव ऐकलं असशील. वयाची चोवीस पूर्ण व्हायच्या आत त्यांचे आई, वडील, बहीण, भाऊ आणि नवरा, सगळे गेले होते, कडेवर तान्ही मुलगी. 1896-97 च्या दुष्काळात आपल्या या भागातून, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रांतातून, त्या उपाशी आणि वाऱ्यावर पडलेल्या बायका-मुली घेऊन गेल्या आणि पुण्याजवळ केडगावला त्यांच्या मुक्ती आश्रमात ठेवलं. तिथे त्यांना लिहायला वाचायला, विणायला, छापखान्यात काम करायला शिकवलं. ख्रिस्ती माणसानं मोडलेलं जोडायचं म्हणजे काय, तर मला आधी तो छापखाना दिसतो, छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवत बसलेल्या त्या मुली. तुझं शिक्षण किती झालंय ते कळव, मी खरंच विचारते आहे.

सिस्टर आंटी, मी 17 वर्षांचा आहे. मागच्या वर्षी वर्धा रोडवर अ‍ॅक्सिडेंट झाला, उजवा पाय गुडघ्याखाली कापला. स्वर्गात माझा पाय परत मिळेल का? संडे स्कूलच्या टीचरला विचारलं तर त्या रडायला लागल्या.

बेटा, टीचरवर रागावू नको, त्यांना तू आवडतोस.

मी जेवढं वाचलंय त्यावरून सांगते. येशू कबरेतून उठला तेव्हा त्याचं शरीर नवं होतं, दारं बंद असताना आत आला, पण खिळ्यांच्या खुणा होत्या. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्यानं त्याच दाखवल्या. मला याचं फार नवल वाटतं, कारण सगळं नवं करून द्यायचंच होतं तर ते व्रण पण पुसता आले असते. नाही पुसले. म्हणजे जे तुझ्यावर गुदरलं ते देव विसरून जाणार नाही, आणि ते तुला दुखवतही राहणार नाही. प्रकटीकरणात लिहिलंय की देव डोळ्यांतला प्रत्येक अश्रू पुसेल, शोक राहणार नाही, कष्ट राहणार नाहीत. तू धावशील, यावर माझा विश्वास आहे. पायावर खूण असेल की नाही ते मला नाही माहीत, असली तर तिथे कोणी तिच्याकडे बघून गप्प होणार नाही.

तोवर इथलं. स्टंप, म्हणजे कापलेल्या पायाचा उरलेला भाग, रोज संध्याकाळी साबणानं धुवून पूर्ण कोरडा करायचा, आरशात मागची बाजू बघायची, लाल झालं असेल तर त्या दिवशी कृत्रिम पाय घालायचा नाही. आपल्या मे महिन्यात लायनरमध्ये, म्हणजे त्या पायाच्या आतल्या मऊ अस्तरात घाम साचतो, एक जास्तीचा मोजा सोबत ठेव, दुपारी बदल. आणि नसलेल्या पायाला खाज सुटते, बोटं दुखतात असं होत असेल तर तू वेडा नाहीस, मेंदूत त्या पायाची जागा अजून आहे, डॉक्टरांना सांग, त्याला औषध असतं. लाजू नको. मी पन्नाशीतल्या धट्ट्याकट्ट्या माणसांना हे सांगताना रडताना बघितलंय.

मी ख्रिस्ती नाही, आम्ही बौद्ध आहोत. आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब आहे, पंधरा वर्षांची ओळख. त्यांचा मुलगा मागच्या महिन्यात गेला, 22 वर्षांचा होता. वहिनी आता दारच उघडत नाहीत. मला त्यांच्या धर्मातलं काही माहीत नाही, काय बोलू? चुकीचं बोलली तर?

ताई, काहीच बोलू नका.

आमच्या बायबलमध्ये ईयोब नावाचा माणूस आहे, त्याची मुलं एका दिवसात गेली. त्याचे तीन मित्र आले. सात दिवस, सात रात्री ते त्याच्यासोबत जमिनीवर बसून राहिले, कोणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. तोपर्यंत ते चांगले मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडलं, कारणं सांगायला लागले, आणि पुढची तीसेक पानं सगळी चुकली. शेवटी देवच म्हणाला की हे बरोबर बोलले नाहीत.

आशा-बिशा सांगायला नका जाऊ, ती आम्ही ख्रिस्ती लोकांनी पण एवढ्या लवकर सांगू नये. त्या मुलाचं नाव घ्यायला घाबरू नका, एवढं मात्र करा. लोक नाव घ्यायचं सोडतात आणि आईला ते फार लागतं. तो लहानपणी तुमच्या गच्चीवर पतंग उडवायला येत असेल, तुमच्या हातचं काही खात असेल, ते आठवलं तर सांगा. नोव्हेंबरच्या 2 तारखेला आमचे बरेच लोक दफनभूमीत फुलं आणि मेणबत्त्या घेऊन जातात, त्या दिवशी विचारा की वहिनी मी येऊ का सोबत, ऊन असतं, पाण्याची बाटली घ्या.

आणि आत्ता, या आठवड्यात, डबा घेऊन जा. वरण-भात, फोडणीचं काही नको, गिळायला सोपं. बेल वाजवा, दार नाही उघडलं तर कडीला पिशवी अडकवून "वहिनी, डबा ठेवला" एवढं म्हणून या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डब्यात. डबे परत मागू नका. चार-पाच जमले की एखाद्या दिवशी त्या ते घासून, पुसून, तुम्हाला द्यायला स्वतः दार उघडतील. तेव्हा त्यांना तुमच्याकडे आत बोलवा, चहा टाका.